अमेरिकेत 'कायदेशीर हेम्प' म्हणून मिळणाऱ्या डेल्टा-८ आणि एचएचसीच्या गमीज भारतात आणता येतात का?

आणू नयेत, हे आधीच स्पष्ट सांगते. आपला भाचा अमेरिकेत शिकतो, तिथल्या दुकानांत 'हेम्पपासून बनवलेले, पूर्णपणे कायदेशीर' असे छापलेल्या गमीज, म्हणजे डेल्टा-८ किंवा एचएचसी ही गांजासारखी नशा आणणारी संयुगे घातलेल्या चघळायच्या गोड वड्या, उघडपणे मिळतात आणि सुट्टीत घरी येताना तो त्या सोबत आणणार आहे, असे आपण लिहिले आहे. मी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत औषध-विश्लेषणाचे काम करते आणि अशी उत्पादने माझ्या हाताखालून नेहमी जातात. पाकिटावरचा 'कायदेशीर' हा शब्द आला कोठून, हे समजल्याशिवाय तरुण मुलांना त्यातला धोका पटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने हेम्प आणि गांजा या भांगेच्या एकाच झाडाच्या दोन प्रकारांमध्ये एकच रेघ ओढली. सुक्या वजनात डेल्टा-९ टीएचसी (गांजातील मुख्य नशाकारक घटक) ०.३ टक्क्यांहून अधिक नसेल, तर ती वनस्पती, तिचे अर्क आणि तिच्यातील सर्व कॅनाबिनॉइड (टीएचसीसारखी या झाडातली रसायने) हेम्प ठरतात. हा आकडा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी वापरला होता; नशा किती चढेल हे मोजण्यासाठी तो कधीच नव्हता. शेतातल्या झाडापुरता तो ठीक आहे, परंतु खाण्याच्या वस्तूला लावला की हिशेब पार बिघडतो. चार ग्रॅमच्या एका गमीचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम टीएचसी होते, तर कॅलिफोर्नियातील परवानाधारक गांजाच्या दुकानात खाद्यपदार्थाच्या एका मात्रेवर १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी सोडून जी नावे आता ऐकू येतात, त्यांची सरसकट एकच मोट बांधली जाते, ते मला चुकीचे वाटते. सीबीजी, सीबीसी आणि टीएचसीव्ही ही झाड स्वतः तयार करते. सीबीजीचे आम्लरूप तर टीएचसी आणि सीबीडी या दोहोंचे पूर्वरूप आहे. सीबीएन हे टीएचसी जुने होऊन त्याचे ऑक्सिडीकरण झाले की बनते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना ते भारतीय चरसाचा अभ्यास करतानाच सापडले. डेल्टा-८ची गोष्ट निराळी आहे. झाडात ते नाममात्र असते. कायदा आल्यानंतर शेतकऱ्यांनी सीबीडीसाठी हेम्पची बेसुमार लागवड केली, भाव कोसळले, आणि पडून राहिलेल्या सीबीडीला गिऱ्हाईक मिळावे म्हणून ते द्रावकात विरघळवून, आम्ल घालून, त्याचे डेल्टा-८ करणे सुरू झाले. एचएचसीसाठी तर टीएचसीवर, तेलापासून वनस्पती तूप करताना होते तसे, धातूच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण करतात. टीएचसीपी २०१९ मध्ये इटलीतील एका औषधी वाणात अत्यल्प प्रमाणात आढळले. दुकानात येणारे मात्र बहुतांशी कारखान्यातच बनते.

कायद्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती या रूपांतराची. डेल्टा-८चा नमुना क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) लावला की पडद्यावर एक उंच शिखर उमटते आणि त्याच्या पायथ्याशी बारीक शिखरांची रांग दिसते. त्यांतली काही डेल्टा-१०ची वगैरे म्हणून ओळखू येतात, काहींशी ताडून पाहायला प्रमाण-नमुनाच बाजारात उपलब्ध नसतो, म्हणजे खाणाऱ्याच्या पोटात काय जाते आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय डेल्टा-९चे शिखर डेल्टा-८ला इतके खेटून येते की पद्धत नीट बसवलेली नसेल तर दोन्ही एकच भासतात. त्यामुळे पाकिटावरचा कोड स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या अहवालात 'डेल्टा-९ आढळले नाही' असे लिहिलेले असले, तरी एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) सप्टेंबर २०२१ मध्येच डेल्टा-८बद्दल जाहीर इशारा दिला होता.

तरीही मे २०२२ मध्ये पश्चिमेकडील राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून हेम्पपासून काढलेले डेल्टा-८ हेम्पच आहे असा निर्वाळा दिला, आणि अनेक राज्यांनी आपापल्या हद्दीत वेगळी बंदी घातली. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी संमत झालेल्या खर्चविषयक कायद्याने व्याख्याच बदलली. सर्व प्रकारचे टीएचसी एकत्र धरायचे, झाडाबाहेर कृत्रिमरीत्या तयार केलेली कॅनाबिनॉइड हेम्पमधून वगळायची, आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या अख्ख्या डब्यात मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असू द्यायचे नाही, अशा या तरतुदी वर्षभरानंतर लागू करायचे त्यात ठरले. हेम्प पिकवणारे आणि टीएचसीची शीतपेये बनवणारे यांचा त्याला तीव्र विरोध आहे. पेये बनवणाऱ्यांची तक्रार मला समजते, कारण मिनेसोटासारख्या राज्याने २०२२ पासून एका मात्रेला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घालून विक्रीला शिस्त लावली होती. कारखान्यात घडवलेली संयुगे वेगळी काढणे मात्र योग्यच झाले, असे माझे मत आहे.

आता भारताकडे. येथे ०.३ टक्क्यांची ती पळवाट नाही. अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा, १९८५ च्या अनुसूचीत टीएचसीबरोबर त्याचे समघटकही (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेली संयुगे) नोंदलेले आहेत, आणि डेल्टा-८ हा टीएचसीचा समघटकच आहे. भांगेची पाने, आयुर्वेदिक परवान्याखाली मिळणारी विजयाची (म्हणजे भांगेची) औषधे, भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२१ मध्ये मान्य केलेले हेम्पचे बी आणि बियांचे तेल, ही उदाहरणे भाचा पुढे करील. त्यांतले एकही परदेशातून आणलेल्या गमीजना लागू पडत नाही. आणखी एक बाब त्याला आवर्जून सांगा. एप्रिल २०२० च्या हीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जप्त माल अल्प की व्यापारी प्रमाणात आहे, ज्यावर शिक्षा अवलंबून असते, हे ठरवताना मिश्रणातील निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचे. म्हणजे गमीत टीएचसी मिलिग्रॅममध्ये असले, तरी तराजूत तिची साखर आणि जिलेटिनही चढते.

तेथे राहून खाल्ल्या तरी नोकरीपूर्वीच्या लघवीच्या तपासणीत डेल्टा-८ आणि डेल्टा-९ यांत सहसा फरक केला जात नाही. इंटर्नशिपसाठी अर्ज करणार असेल तर हे त्याला आजच कळवावे, आणि सामान बांधताना जुन्या बॅगेच्या कप्प्यांत एखादे उघडे पाकीट राहिले नाही ना, तेही त्याला पाहायला सांगावे.