सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’: जुन्या गाडीच्या वायरिंगबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण): माझी १९९८ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो, सेल्फ फिरत नाही. चार-पाच वेळा चावी फिरवली की कधीतरी गाडी लागते. नवी बॅटरी टाकली, सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले, तरी तेच. आता मेकॅनिक सेल्फच नवा घ्या म्हणतो. घेऊ का?

नका घेऊ. निदान आज तरी नका. बॅटरी पाहिली, सेल्फ पाहिला, पण या दोघांच्या मधली वायर कोणी पाहिलेली दिसत नाही. ८००चं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. म्हणजे सेल्फने ओढलेला करंट बॅटरीकडे परत जायला अर्थची वायर हाच धड रस्ता. ‘टक्’ करणाऱ्या सोलेनॉईडला (सेल्फवरच्या विजेच्या स्विचला) थोडा करंट पुरतो, सेल्फ फिरायला मात्र शंभर अँपिअर आणि त्याहून जास्त लागतो. जोडावर ०.०२ ओहम इतकाच अडथळा असला, तरी १०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच जिरतात. टेस्ट लॅम्पला मात्र थोडाच करंट लागतो, म्हणून तो लावला तर छान पेटतो आणि सगळे फसतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक ८०० आली होती. अर्थची वायर वरून अगदी धडधाकट. थिंबलजवळचं (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीजवळचं) प्लास्टिक ब्लेडने सोललं, तर आतून हिरवी पूड गळली. तांब्याच्या तारांपैकी बोटांवर मोजता येतील एवढ्याच शाबूत होत्या. मालकाची आणखी एक तक्रार होती, की क्लच जड झालाय. त्याचं कारणही हेच! अर्थ तुटला की करंट मिळेल त्या वाटेने जातो. तो क्लचच्या केबलमधून जात होता आणि केबल तापून आतून करपली होती. तुमच्याकडेही दोन-चारदा सेल्फ मारून झाल्यावर क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून पाहा.

खात्री करायची असेल तर गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर धरा (क्लॅम्पवर नाही), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेलं की चोर सापडला. मीटर नसेल तर एक जंपर केबल निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावा. सेल्फ खणखणीत फिरला, तर नवी अर्थ वायर टाका, बॉडीवर बोल्टखालचा रंग खरवडून ती घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. फरक पडला नाही, तर मीटरने हीच तपासणी पॉझिटिव्ह खुंटी आणि सोलेनॉईडचा जाड बोल्ट यांच्यामध्ये करा. दोन्ही बाजू चोख निघाल्या, तरच सेल्फ पुन्हा खोला.

प्रश्न (नाशिक): माझीही जुनी ८०० आहे. चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवीन आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो मोठी बॅटरी टाका.

टाकी गळते म्हणून कोणी मोठी टाकी बसवतं का? बंद गाडीत काहीतरी करंट खातंय. ०.३ अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला ते ७ अँपिअर-अवरच्या वर जातं. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत झोपणारच.

चावी काढा, दारं लावा. निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत घाला आणि मीटर क्लॅम्प व खुंटी यांच्या मधे जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. कार्बोरेटरच्या ८००मध्ये कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य हवा. म्युझिक सिस्टिमच्या मेमरीसाठी थोडा जाईल, पण ०.०५च्या वर नको. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या लाइनीवर दोष. नंतर बसवलेली टेप आणि सेंट्रल लॉक आधी बघा, कारण त्यांच्या वायरी बऱ्याचदा फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीवर पिळलेल्या असतात. तरीही आकडा हलला नाही, तर रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) सकाळी हात लावा. तो कोमट लागला तर आतला डायोड गेलाय.

प्रश्न (पुणे): प्रीमियर पद्मिनी तासभर चालली की बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला.

बंद पडल्या क्षणी स्पार्क बघा, गार झाल्यावर नाही. प्लगच्या वायरीला जादा प्लग लावून तो इंजिनवर टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी, चटचटणारी असेल तर कॉईलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते तिला) हात लावू नका. गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, पेट्रोलची वाफ अडकली असेल. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर तेच फडकं कॉईलवर ठेवा. दोन्हीकडे एकदम ठेवलंत तर काहीच कळणार नाही.

कॉईल दोषी वाटली तर तिचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा. थेट १२ व्होल्टवर चालणारी कॉईल साधारण ३ ओहमची असते. बॅलास्ट रेझिस्टरवाली (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर लागणारी) दीडेक ओहमची. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून गॅरेजमध्ये सर्रास चुकीची बसते. मग ४च्या जागी ८ अँपिअर वाहतो, कॉईल भाजते, पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडतात. कॉईल बरोबर असूनही पॉइंट जळत असतील तर त्यांच्यावरची ठिणगी शमवणारा कंडेन्सर बदला. आणि इंजिन बंद असताना गाणी ऐकायला चावी ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉईल उगाच तापत राहते.

प्रश्न (पाचगणी): प्यूजो इंजिनची जुनी महिंद्रा जीप. थंडीत सकाळी दहा-दहा सेल्फ, पांढरा धूर, मग लागते.

पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. हीटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून तापणारे) तपासा. त्यांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं एकेका प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला नाही तो प्लग मेला. सगळ्यांवर पेटला, तर पट्टी परत बसवून हीटर चालू असताना तिथे व्होल्टेज येतंय का बघा. स्टार्टिंग स्प्रे मात्र मुळीच मारू नका. तापलेल्या प्लगवर तो आत भडकतो आणि पिस्टन, रिंगा फुटू शकतात.

प्रश्न (कोल्हापूर): चार्जिंग होतंय का हे बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढतात. चालेल का?

डायनामोच्या गाड्यांपासून पडलेली सवय आहे ती. अल्टरनेटरच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. इंजिन थोडं रेस करून बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर धरा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसलं की चार्जिंग ठीक आहे. हेडलाइट लावल्यावरही ते १३.५च्या खाली यायला नको.