ट्रक दारात, बियर आत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, माझा भाचा दोन वर्षं झाली फूड ट्रक चालवतोय. छोटा हत्ती घेऊन मागे किचन बसवून घेतलंय, बर्गर, मोमो, पास्ता, पनीर टिक्का सगळं ठेवतो. आता बायपासकडच्या एका मायक्रोब्रुअरीवाल्याने (जागेवरच बियर बनवून विकतात ती) शनिवार-रविवार आमच्या आवारात लाव म्हणून विचारलंय, पण भाडं मागतोय. भाचा म्हणतो अमेरिकेत सगळीकडे हेच चालतं. हो म्हणावं का?
(तिलकनगर, इंदूर)

भाचा खोटं नाही बोलत, पण अर्धंच सांगतोय. तिकडे छोट्या ब्रुअरी नऊ हजारांच्या वर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे किचनच नसतं, मागे स्टीलच्या टाक्या, पुढे नळ आणि चार बाकडी, संपलं. लोक एक ग्लास पितात, भूक लागते, उठून जातात. आणि ट्रकवाल्याकडे अन्न गरमागरम पण बसायला जागा नाही. एकाकडे चूल नाही, दुसऱ्याकडे ओटा नाही, म्हणून जमलं. त्यात 2008 मध्ये लॉस एंजेलिसला रॉय चोई या शेफचा कोरियन टाकोचा ट्रक ट्विटरवर आजची जागा सांगत फिरायला लागला आणि ट्रकवर खाणं म्हणजे हलकं काम ही समजूतच गेली.

आपल्याकडे मात्र बियर बनवणारे बहुतेक जण सोबत रेस्टॉरंट चालवतातच, त्यांचं किचन आहेच. पुण्यात 2009 ला डूलाली आलं, बेंगळुरूला 2010 मध्ये टॉइट, सगळीकडे जेवण आतलंच. म्हणून आधी मालकाला एकच विचारा, भिया, तुझं किचन असताना माझा ट्रक कशाला? तो म्हणाला की आमच्याकडे जे होत नाही ते तू कर, तर पुढे बोला. नुसतं दारात ट्रक उभा असला की फोटो छान येतात, असं असेल तर भाच्याने शोभेची वस्तू व्हायचं आणि वर भाडंही द्यायचं, हा कुठला न्याय? तिकडे बऱ्याच ठिकाणी ट्रककडून भाडं घेतच नाहीत, उलट मंद दिवशी एवढी विक्री झाली नाही तर फरक आम्ही देऊ अशी हमी देणारेही आहेत. भाडं द्यायचंच असेल तर विक्रीवर टक्का ठरवा आणि लाइट कोणाची, पाऊस आला तर काय, कचरा कोण उचलणार हे सगळं कागदावर घ्या. कचऱ्याचं हसण्यावारी नेऊ नका, आपल्या शहरात ओला-सुका वेगळा केला नाही की दंड ट्रकवाल्यालाच.

आता मेन्यू. हा माझा हळवा विषय आहे. मागच्या हिवाळ्यात एका लॉनवर, नाव नाही घेत, असाच ट्रक लागला होता, पाटीवर बत्तीस पदार्थ आणि आत एक तवा, एक फ्रायर. मी पनीर रॅप सांगितला आणि घड्याळ बघत पंचवीस मिनिटं उभी, जनरेटरचा धूर तोंडावर, ग्लासातला फेस गेला, बियर कोमट झाली, शेवटी आलं ते आतून थंड. भाच्याला सांगा, चार पदार्थ. एका हातात ग्लास असतो, म्हणून दुसऱ्या हाताने खाता येईल असंच आणि पाच मिनिटांच्या आत हातात पडेल असं. पास्ता तर पहिला काढा, उभ्याने खाताना शर्टावर जातो.

कागदपत्रांत एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा परवाना, लागतंच, सिलेंडर 19 किलोचा कमर्शियलच, घरचा 14.2 चा ठेवलेला पकडला की धंदा बंद, आणि आग विझवायचं यंत्र हाताशी. दारूचं लायसन्स ठरलेल्या जागेपुरतं असतं, मंजूर नकाशाबाहेर ग्लास चालत नाही, तेव्हा ट्रक आणि टेबलं त्या नकाशात येतात की नाही हे मालकाने आबकारी ऑफिसातून लिहून आणावं, तोंडी नको. ट्रकच्या खिडकीतून भाच्याने स्वतः बियर द्यायची नाही, कोणी कितीही म्हणो.

प्रश्न: बियरबरोबर आपलं इंदुरी खाणं जातं का? मुलगा म्हणतो फ्राइज आणि चिकन विंग्जच पाहिजेत.
(सुदामानगर)

मुलाला सराफ्यात घेऊन जा, रात्री दहानंतर, दागिन्यांची दुकानं बंद होऊन कढया लागल्या की. आपलं निम्मं खाणं तळलेलं, खारट, आंबट आहे, बियरला अजून काय हवं! तिच्यातला गॅस जिभेवरचं तेल पुसून काढतो म्हणून पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. गराडू घ्या, तो आपला कंद. तळलेले तुकडे, वर जीरावन मसाला, लिंबू पिळलेलं. त्याच्यासोबत बेल्जियन पद्धतीची गव्हाची बियर, जिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात, म्हणजे मसाल्याला मसाल्याची ओळख पटते. खोपरा पॅटिसलाही तीच.

चूक होते ती आयपीएशी. ही बियर हॉप्स नावाच्या फुलांमुळे कडू असते आणि कडूपणा नि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. तिखटपणाचं जे द्रव्य आहे ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून झणझणीत लसणी शेव खाऊन वर आयपीए घेतली की डोळ्यांतून पाणी. तिथे हलकी लागर, म्हणजे साधी सौम्य बियर, बरी, किंवा सरळ ताक. भुट्ट्याचा कीस दुधात शिजलेला, गोडसर, त्याला कडू काहीच नको. आणि स्टाउट, ती काळी, भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेले जव), कॉफीसारखी, तिच्यासोबत मावा बाटी खाऊन बघा, मी आधी हसले होते आणि मग दुसरी मागवली.

एक सांगून ठेवते, मध्य प्रदेशात वय 21 लागतं आणि रक्तात 100 मिलीला 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा, पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा जेल किंवा दोन्ही. दोन ग्लासवाल्याने चावी खिशात ठेवायची.

प्रश्न: आम्ही बडोद्याचे. इथे असं काही होऊ शकेल का?
(अलकापुरी, बडोदा)

गुजरात 1960 ला वेगळा झाला तेव्हापासून दारूबंदी आहे. 2023 च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती थोडी सवलत आली, बडोद्याला नाही. ट्रक लावा, सोबत आल्याचं सरबत नाहीतर कोकम सोडा, गर्दी तरी नक्की होईल.

प्रश्न: ब्रुअरीतून रोज पोतंभर भिजलेली जवं निघतात म्हणे, ती फेकतात का? ट्रकला काही करता येईल का?
(रामबाग)

बहुतेक गुरांना जातात. त्यातली साखर बियरने घेतलेली असते, उरतो तंतू आणि प्रथिनं. उन्हाळ्यात दिवसभरात आंबून वास मारायला लागतात, तेव्हा त्याच दिवशी आणून ताटात पसरून ओव्हनमध्ये कुरकुरीत होईस्तोवर सुकवायची आणि दळायची. मी थालीपिठाच्या भाजणीत चार वाट्यांना एक वाटी घातली होती, रंग छान खरपूस आला पण तुसं दातात अडकली, सासूबाई अजून बोलून दाखवतात. दळल्यावर बारीक चाळणीने दोनदा चाळा आणि कांदा थोडा जास्त घाला.