जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? डिझेल पंप खोलू नका

दादा, स्टार्टर जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाहीये. बहुतेक डिझेलच्या पाइपात हवा धरली असणार. आधी टाकीचा कॉक उघडा आहे ना बघा (हसू नका, बंद राहून जातो). मग फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. परत हवा धरली तर बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदला, पुण्यात नाना पेठेत मिळतील.

सुरू झाल्यावर धूर काळा असेल तर एअर क्लीनर साफ करा. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदच, मग मिनिटभर थांबा.