सहापैकी चार इंजेक्शनं

तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला, पण लगेच लिहायला हात धजावला नाही. एप्रिल २०२१ मध्ये तुमचे वडील कोविडच्या नवव्या दिवशी दाखल झाले, दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर गेले. रेमडेसिव्हिर इंजेक्शनच्या सहा व्हायल (बाटल्या) लिहून दिल्या होत्या, मिळाल्या चारच. उरलेल्या दोन मिळाल्या असत्या तर ते वाचले असते का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय कोविडमधून उठलेल्या मामांचा डोळा म्युकरने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने गेला, तो स्टेरॉइडमुळेच का, हेही. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी कोविड वॉर्डात डॉक्टर होतो. तसल्या चिठ्ठ्या मीही लिहिल्यात.

त्या दोन व्हायलींनी वडील वाचले असते असं मला वाटत नाही. रेमडेसिव्हिर विषाणूची वाढ रोखतं. दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुसं बिघडतात ती मात्र मुख्यतः आपल्याच भडकलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. तेव्हा हे औषध म्हणजे वरातीमागून घोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना त्याचा काहीच फायदा झाला नाही. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १६.३ वरून १४.६ टक्क्यांवर आलं, इतकंच. या चाचणीचा पहिला निकाल ऑक्टोबर २०२० मध्येच आला होता, म्हणजे तुम्ही मेडिकलच्या दारात रांग लावलीत त्याच्या सहा महिने आधी.

तरी आम्ही का लिहून देत होतो? नातेवाईक समोर हात जोडून उभे असताना ‘याने फार काही होणार नाही’ म्हणायला धीर लागतो. माझ्याकडे तो नव्हता. प्लाझ्माचंही, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढून रुग्णाला देत त्या द्रवाचंही, तेच झालं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर करून पाहिलेल्या चाचणीत २०२० मध्येच त्याचा फायदा दिसला नव्हता, तरी तो मार्गदर्शक सूचनांतून निघायला मे २०२१ उजाडलं. तोवर दात्यांसाठी किती मेसेज फिरले, आठवत असेल.

ज्याने खरंच जीव वाचवले ते डेक्सामेथासोन. भडकलेली प्रतिकारशक्ती दाबणारं, काही रुपयांचं जुनं स्टेरॉइड इंजेक्शन, त्यासाठी कुणाला रांग लावावी लागली नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असा डोस होता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतही थोडे कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात १४ ऐवजी १७.८ टक्के गेले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नाही एवढं नक्की. जून २०२० चा हा निकाल आपल्याकडे अर्धाच वाचला गेला. ‘स्टेरॉइड चालतं’ एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कुणाला, कधी आणि किती, हे मागे पडलं. ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८ म्हणजे उत्तम असताना मेड्रॉल ही स्टेरॉइडची गोळी चालू केलेले रुग्ण आमच्याकडे यायचे. काहींनी तर शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणलेल्या असायच्या.

आता मामांचं. म्युकरची बुरशी सगळीकडे असते, एरवी आपलं काही बिघडवत नाही. साखर बेसुमार वाढलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली असली की ती नाकातून सायनसमध्ये आणि तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते. स्टेरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्तीही दबते. काळा दिसतो तो मेलेला भाग. बुरशी स्वतः काळी नसते. डोळा काढतात तो ती मेंदूकडे सरकू नये म्हणून. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये देशातल्या १६ रुग्णालयांत म्युकरच्या २८७ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १८७ जणांना कोविड झालेला होता. मुळाशी सर्वाधिक आढळला तो आटोक्यात नसलेला मधुमेह. गरज नसताना किंवा जास्त डोसमध्ये दिलेल्या स्टेरॉइडचाही संबंध दिसला. म्हणजे एकट्या स्टेरॉइडवर खापर फोडता येत नाही, पण त्याला निर्दोषही सोडता येत नाही.

मामांना आधीपासून साखर होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फाइल असेल तर स्टेरॉइड कितव्या दिवशी सुरू झालं, तेव्हा सॅच्युरेशन किती होतं आणि पुढच्या दिवसांतल्या शुगरच्या नोंदी काय आहेत, एवढं पाहा. माझ्या वॉर्डातल्या कित्येक फाइलींत शुगरचा रकाना कोराच असायचा. दिवसाला तीन वेळा बोटाला टोचायला माणसंच नव्हती.

आणि घरात मेड्रॉलची अर्धी स्ट्रिप अजून जपून ठेवलीय म्हणता, ती आजच टाकून द्या.