कंसातले दोन शब्द

प्रिय ताई,
चार वर्षं ऑनलाइन पोकर खेळतोय. टाइमपास म्हणून नाही; शिस्तीत, रोजचा हिशेब लिहून. गेल्या वर्षी नफ्यात होतो (रेकबॅक धरून). महिनाअखेरीला साइटने दिलेली लेव्हल टिकवायला जरा जास्त बसावं लागतं, एवढंच. बायको याला जुगार म्हणते. हा कौशल्याचा खेळ आहे, हे तिला कसं पटवू?
– गैरसमजाचा बळी

बायकोचं तूर्त बाजूला ठेवा. जुगार की कौशल्य, हा वाद तुम्ही दोघं निवांत घालत बसा. पोकरमध्ये कौशल्य लागतं हे मला मान्यच आहे. माझा डोळा अडकला तो कंसातल्या दोन शब्दांवर. रेकबॅक धरून.

हिशेब लिहिता ना? मग मांडू या. रोख टेबलावर साइट पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, आपला वाटा कापते, तो रेक. साधारण ५ टक्के, वर एक कमाल मर्यादा. त्यातलाच काही भाग पॉइंट, बोनस, कॅशबॅक अशी नावं घेऊन परत येतो, तो रेकबॅक. समजा, वर्षभरात तुमच्याकडून १०० कापले गेले, ३० परत आले आणि शेवटी हातात १० उरले. ते ३० वगळले तर टेबलावर तुम्ही २० हरलात. आता कापलेले १०० त्यात मिळवून बघा. समोरच्या खेळाडूंकडून तुम्ही ८० जिंकले होते! म्हणजे खेळ येतो तुम्हाला, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. पण त्या ८० मधले ७० साइटने नेले आणि बदल्यात तुमच्या नावापुढे लेव्हलचा एक तारा लावला. आकडे माझे आहेत. तुमचे तुम्ही घालून बघा. कंस का टाकावासा वाटला ते कळेल.

तो तारा मिळतो कशावर? जिंकण्यावर तर नाहीच. पॉइंट पडतात ते कापलेल्या रेकवर. तुम्ही डाव चांगला खेळलात की वाईट, साइटला काही फरक पडत नाही. डाव भरपूर व्हायला हवेत. म्हणून तर लेव्हलला मुदत असते. महिना संपत आला की पडद्यावर ती पट्टी दिसते, ‘फक्त एवढेच पॉइंट बाकी’, आणि चार टेबलांवर खेळणारा माणूस बारा टेबलं उघडून बसतो. चार टेबलांवर समोरचा कधी घाबरतो, कधी थापा मारतो ते दिसतं. बारांवर वेळ संपायच्या आत बटण दाबलं तरी खूप झालं. शिवाय त्या रात्री समोर कोण असतं? तुमच्यासारखेच पट्टी भरायला बसलेले, पेंगुळलेले लोक. ज्या कौशल्याबद्दल बायकोशी भांडता, ते महिनाअखेरीला तुम्ही स्वतःच गुंडाळून ठेवता.

‘पण ताई, लेव्हल मेहनतीने कमावलीय.’ हो का? पोकरस्टार्स या पोकर साइटवर वर्षात दहा लाख पॉइंट जमवले की ‘सुपरनोव्हा एलिट’ हा दर्जा मिळायचा. २०१५ मध्ये लोकांनी रात्रीचा दिवस करून ते जमवले, कारण त्याचे फायदे पुढच्या वर्षीही मिळणार होते. नोव्हेंबरमध्ये कंपनीने पुढच्या वर्षीचे फायदे छाटल्याचं जाहीर केलं. डिसेंबरच्या सुरुवातीला चिडलेल्या खेळाडूंनी तीन दिवस खेळ बंद ठेवला. २०१६ उजाडलं आणि छाटणी लागू झाली. त्यांचीही मेहनतच होती हो.

तेव्हा एकच करा. या महिन्यात लेव्हल जाऊ द्या. अगदी थोडे पॉइंट उरले असतील तर उत्तमच, तेवढेच सोडा. शेवटच्या आठवड्यात एकही टेबल उघडायचं नाही. ‘परत या’ म्हणून बोनस येईल, त्याला हात लावायचा नाही. पुढचे तीन महिने हवं तर खेळा, पण चारच टेबलं, आणि वहीत रेकबॅकचा रकाना नको.

तीन महिन्यांनी आकडा काय आला ते मला लिहा. कंस न घालता.