'काळे, तांबडे' म्हणजे ज्ञान: हा समाहार द्वंद्व म्हणावा का?

प्रश्न असा आहे: मेक्सिकोतल्या जुन्या ॲझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत लेखनाला आणि ज्ञानाला 'काळे, तांबडे' म्हणत, हा आपल्या समाहार द्वंद्वाचाच, म्हणजे जोडीतल्या शब्दांबरोबर तशा इतर वस्तूही सुचवणाऱ्या समासाचाच, प्रकार का?

जोडी तशीच दिसते, पण अर्थाची चाल वेगळी. 'मीठभाकर' म्हटले की मीठ आणि भाकरी असतातच, शिवाय चटणी-कांदाही आला. 'इन त्लिल्ली, इन त्लापाल्ली' (काळी शाई, तांबडा रंग) यातून मात्र तिसराच अर्थ निघतो. अशा जोड्या नाहुआत्लमध्ये बऱ्याच: 'पाणी, डोंगर' म्हणजे नगर, 'फूल, गाणे' म्हणजे कविता. मेक्सिकोचे अभ्यासक आंखेल मारिया गारिबाय यांनी या प्रकाराला 'दिफ्रासिस्मो' हे नाव दिले. मराठीत याच्या जवळपास जाते ते कचेरीतले 'चहापाणी'. त्यात चहाही नसतो, पाणीही नसते!

आता रंग हेच का? पोथी करणारा 'त्लाकुइलो' काळ्या रेषेने आकृती काढी आणि आत रंग भरी. लिहिणे आणि रंगवणे यांना क्रियापद एकच. काळा रंग काजळीचा, तांबडा निवडुंगावरच्या किड्यांचा, कागद वड-उंबराच्या कुळातल्या झाडांच्या सालीचा. त्यामुळे आपले 'पांढऱ्यावर काळे करणे' इथे अर्धेच जुळते. शिवाय आपण ते बहुधा थट्टेने म्हणतो. तिकडे सूर आदराचा. सोळाव्या शतकात साहागुन या पाद्र्याने नाहुआ सहकाऱ्यांबरोबर सिद्ध केलेल्या १२ भागांच्या ग्रंथात ज्ञानी माणूस म्हणजे ज्याच्यापाशी काळे-तांबडे आहे, पोथ्या आहेत, असे वर्णन येते. या पोथ्या शिकवत ते 'काल्मेकाक'मध्ये, म्हणजे मुख्यतः उमरावांच्या मुलांच्या शाळेत. तिचा अधिदेव केत्साल्कोआत्ल. सृष्टिकथेत पाताळातून हाडे आणून, त्यांवर स्वतःचे रक्त शिंपून माणसे घडवणारा तो हाच. त्याचेच नाव धारण करणारा तोलान नगराचा राजा अखेरीस 'त्लिल्लान त्लापाल्लान'ला, काळ्या-तांबड्याच्या देशी जातो, स्वतःला जाळून घेतो आणि त्याचे हृदय पहाटेचा शुक्र होते.

म्हणून भाषांतरात सरसकट 'ज्ञान' लिहू नये असे माझे मत. 'काळे-तांबडे' तसेच ठेवून पहिल्या वेळी तळटीप द्यावी. नाहीतर पोथीचा आणि त्या देशाचा संबंध वाचकाला कळायचाच नाही.