बाळाची नाळ आणि बेंबी: पहिल्यांदाच आई होणारीसाठी

नाळ कापताना बाळाला दुखलं असेल का, ही धास्ती आधी मनातून काढ. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन रोहिण्या आणि एक नीला; वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. बाळ रडतं ते दुसऱ्या कारणांनी.

नाळ कापताना लावलेल्या चिमट्याजवळ उरलेला तुकडा आधी पिवळसर, ओलसर दिसतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी काळा, कडक पडतो. साधारण 1 ते 3 आठवड्यांत आपोआप गळतो. एका धाग्यावर लोंबत असला तरी ओढायचा नाही, हे मात्र कटाक्षाने पाळ. लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांध, जागा कोरडी आणि मोकळी ठेव. तेल, पावडर काही नको. गळताना रक्ताचा एखाददुसरा थेंब दिसला तर घाबरू नकोस. पण भोवतालची कातडी लाल होऊन सुजली, पू किंवा घाण वास आला, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच डॉक्टरांकडे ने.

बेंबी आत जाणार की बाहेर राहणार, हे कापणाऱ्याच्या हातात नसतं. ती जखमेची खूण आहे, व्रण जसा भरेल तसा आकार येतो. रडताना फुगणारी बेंबी बहुधा हर्निया असते, म्हणजे पोटाच्या स्नायूतल्या फटीतून आतला भाग बाहेर डोकावतो; ती बऱ्याचदा 4-5 वर्षांपर्यंत आपसूक बसते. तिच्यावर घट्ट पट्टा बांधू नकोस, कातडीला इजा होते. फुगवटा कडक झाला, दुखू लागला किंवा बाळ उलट्या करू लागलं, तर लगेच दवाखाना गाठ.